कप्तान आणि चष्म्याची काडी

प्रेमात फसण्याची आपल्याला तिळमात्र भीती नाही, अशी चष्म्याच्या दुकानातल्या त्या तरुणाची ठाम समजूत होती. कारण फसायला आधी कुणाशी तरी बोलावं लागतं. तो बोलायचा फक्त काचांशी, आणि तेही पुसताना.

पण दुकानाचे मालक असलेल्या त्याच्या भाऊजींनी जाहिरातीसाठी नव्या फ्रेममधला त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला होता. तो कुणा भामट्याने उचलून स्वतःचा म्हणून मिरवायला घेतला आहे, याची त्या बापड्याला गंधवार्ताही नव्हती.

एके दुपारी तलावावर मुलांना पोहायला शिकवणारी एक तरुणी निखळलेली काडी घेऊन आली. चष्मा त्याच्या हाती देऊन तिने डोळे बारीक केले आणि तिचा चेहरा उजळला.

"कप्तान? तुम्ही तर भर समुद्रात होतात ना?"

भाऊजी गल्ल्यावरून उठले. आपला मुखदुर्बळ मेहुणा परस्पर जहाजावर जाऊन आला, याचा त्यांना धक्का बसला आणि अभिमानही वाटला. त्यांनी लागलीच बायकोला फोन लावून मुलगी चांगली असल्याचं कळवलं. त्या तरुणीचा आनंद मात्र एव्हाना संतापाकडे वळला होता. कप्तान इथे होता, तर रोज लाटांची वर्णनं धाडून तिला झुलवत का ठेवलं? त्याने गडबडून मान हलवली. तिने ती कबुली समजली.

इतक्यात तिचा फोन वाजला. चष्म्याविना अक्षरं दिसेनात, म्हणून तिने तो त्याच्यासमोर धरला. आयुष्यात प्रथमच त्याने एका मुलीला "प्रिये" म्हटलं, तेही दुसऱ्याच्या वतीने. "प्रिये, जहाज वादळात सापडलंय. सुटकेसाठी आजच पैसे पाठव."

ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली. एकात चष्मा होता, दुसऱ्यात पेचकस.

"म्हणजे हा तुम्ही नाही."

"नाही."

"साठवलेलं सगळं संध्याकाळी पाठवणार होते," ती हळूच म्हणाली. "वेळ आली असती, तर पोहतसुद्धा गेले असते."

स्क्रू केव्हाच बसला होता. तरी तिचे डोळे कोरडे होईपर्यंत तो पिळतच राहिला. मग सारं बळ एकवटून म्हणाला, "यापुढे पैसे कुणालाच देऊ नका. कितीही गोड बोलला तरी."

तिने चष्मा चढवला, त्याला नीट न्याहाळलं. "फोटोत जरा बरे दिसता," असं म्हणून ओलसर हसली आणि निघून गेली.

"दुरुस्तीचे पैसे?" भाऊजींनी विचारलं.

त्याने निमूटपणे स्वतःच्या खिशातून काढून गल्ल्यात टाकले.

"फसलास रे," भाऊजी म्हणाले.

त्याने मान हलवली. या खेपेस ती कबुलीच होती.