शिफारसपत्र आणि दोन नंबर मोठा कोट

"उत्तरेतली ती जागा माझीच!" असं शेवाळसरांनी घरात जाहीर केलं, तेव्हा अर्ज पाठवायचा बाकी होता. कोट मात्र आणून झाला होता.

कोट म्हणजे साधासुधा नव्हे! आत लोकर, गळ्याशी केसाळ झालर, लांबी थेट पोटऱ्यांपर्यंत. शिवाय मापाहून दोन नंबर मोठा, कारण आत तीन स्वेटर मावायला हवेत. भर उन्हाळ्यात पंख्याखाली तो चढवून सर उभे राहिले, तशी आई म्हणाली, "अरे, गादी का गुंडाळलीस अंगाला?"

बायकोनं कपाळाला हात लावला. "बाजारात तुरी, आणि ह्यांचं सुरू झालं!"

"तुरी नाही, शेवाळ," सर घाम पुसत म्हणाले.

हसू नका बरं का. शेवाळावर डॉक्टरेट केलेल्या माणसाला जगात जागा असून असून किती असणार? नऊ वर्षं सर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे कायम काहीच नाही, आणि दरवर्षी नव्यानं 'यंदा घेताय ना?' म्हणून विचारायला जायचं. त्या विचारण्याची त्यांना अगदी शिसारी आली होती. लोक सकाळी उठून राशिभविष्य बघतात, सर उत्तरेकडच्या नोकऱ्यांच्या जाहिराती बघायचे. तिकडे माणसं कमी आणि शेवाळ रग्गड! अखेर एक जाहिरात आली. शेवाळ संशोधन केंद्र, एकच जागा, कायमस्वरूपी. अटी दोन: कडाक्याच्या थंडीत काम करायची तयारी आणि विभागप्रमुखांचं शिफारसपत्र.

आता ह्या विभागप्रमुखांची एक रीत होती. कुणीही शिफारसपत्र मागितलं की ते म्हणायचे, "तूच लिहून आण, मी सही ठोकतो." आणि कुणाला लिहायला जमलं नाही, तर तो शेवाळसरांकडे यायचा. सरांच्या पत्रांवर आजवर सहा जण कुठे कुठे चिकटले होते. स्वतःसाठी लिहायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी घरच्यांना मसुदा वाचून दाखवला. "सदर उमेदवार वक्तशीर, कष्टाळू व निर्व्यसनी आहे."

"वॉचमनची जागा आहे का?" बायको म्हणाली.

"मग काय लिहू? स्वतःच्या तोंडानं..."

"तुमच्या तोंडानं कुठे? साहेबांच्या तोंडानं!"

आई पुढे सरकली. ती म्हणाली, "पण मी म्हणते, हा साहेब कोण? त्याचं कौतुक त्या लोकांनी का ऐकावं? आधी तो केवढा मोठा आहे ते सांग, मग त्याच्या शब्दाला वजन येईल. कुणा सोम्यागोम्यानं चांगलं म्हटलं तर कोण विचारतंय?"

वा! सरांना हे एकदम पटलं. त्यांनी नवा कागद घेतला आणि प्रमुखांना मोठं करायला बसले. लेखणी अशी काही सुटली, की विचारू नका! प्रमुखांची दूरदृष्टी, प्रमुखांची शिस्त, माणूस पारखण्याची प्रमुखांची नजर. थंडीच्या अटीसाठी तर त्यांनी चक्क खरी गोष्ट लिहिली: 'मी गेली पंधरा वर्षे विभागाच्या शीतकक्षात रोज दोन तास घालवत आलो आहे.' ह्यात खोटं अक्षर नव्हतं. नमुने टिकवायला विभागात चार अंश तापमानाची एक खोली होती आणि जेवणानंतर प्रमुख तिथे उशी घेऊन झोपायला जात असत. असं करत दीड पान प्रमुखांवर गेलं. उरलेल्या अर्ध्या पानात सर स्वतः बसले, तेही दाटीवाटीनं.

प्रमुखांनी न वाचता सही ठोकली. "तुझ्यावर विश्वास आहे रे माझा!"

आठवड्यानं त्यांनी सरांना बोलावलं. "त्या उत्तरेकडच्यांनी माझा बायोडेटा मागितलाय. कशाला रे?"

"शिफारस करणाऱ्याची खातरजमा करत असतील, सर."

"मग तूच पाठवून दे. जरा नीटनेटका करून."

सरांनी तोही असा नीटनेटका केला, की छापून आल्यावर ते स्वतःच पुन्हा पुन्हा वाचत बसले.

मग मुलाखत ठरली, कॉम्प्युटरवर, दुपारी दोनला. सरांच्या डोक्यात कल्पना आली: मुलाखत शीतकक्षातच द्यायची! थंडीची तयारी त्यांना डोळ्यांनी दिसू दे. कोट घालून, कान झाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन सर नमुन्यांच्या बरण्यांमध्ये जाऊन बसले. पाचव्या मिनिटाला दात वाजायला लागले.

पडद्यावर तिघं जण. एक बाई म्हणाल्या, "तुमच्या प्रमुखांविषयी सांगा."

निष्ठा तपासताहेत, सरांनी ताडलं. "दे-देवमाणूस! त-त-त्यांच्यासारखे तेच!"

"इतकी थंडी त्यांना खरंच सोसते?"

सर उत्तर देणार, एवढ्यात दार उघडलं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला, काखेत उशी. विभागप्रमुख! सरांकडे लक्षही न देता ते मागच्या बाकावर आडवे झाले आणि क्षणात घोरायला लागले.

पडद्यावरचे तिघं खुर्चीतून पुढे झुकले. "ते गृहस्थ कोण?"

"ते-ते-तेच," सर म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भराभरा काहीतरी लिहून घेतलं. किती बारकाईनं लिहिताहेत! सरांना भरून आलं. घरी येऊन त्यांनी तीन स्वेटर बॅगेत भरलेसुद्धा, आणि पत्र कधीही येईल म्हणून कोट रोज कॉलेजात बरोबर न्यायला लागले.

पंधरा दिवसांनी प्रमुखांनी पुन्हा हाक मारली. चेहरा नुसता फुलला होता. "उत्तरेहून पत्र आलं! निवड झाली!"

सरांचे डोळे पाणावले. नऊ वर्षं! आता कुणाला विचारायला नको. ते प्रमुखांच्या पायाशी वाकणारच होते.

"माझी," प्रमुख म्हणाले.

"काय?"

"अरे, मलाही नवल वाटलं! अर्जही केला नव्हता मी. वाच ना, काय लिहिलंय: 'आपले पत्र वाचून उमेदवारापेक्षा आपल्याविषयीच आदर दुणावला. आणि आपली थंडीची तयारी आम्ही डोळ्यांनी पाहिली.'" त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "बरं, होकाराचं पत्र तूच लिहून आण, मी सही ठोकतो. आणि जाण्याआधी शेवाळाविषयीही एक पानभर माहिती काढून दे. ते हिरवं असतं तेच ना?"

"हो, सर," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आयत्या बिळावर नागोबा, पण बीळ सरांनी स्वतःच्या हातानं खणलं होतं, तेही मापात.

"आणखी एक. तुझा तो कोट. तुला फार ढगळ होतो रे. बघू जरा?"

प्रमुखांनी कोट चढवला. आत तीन स्वेटरांइतकं पोट होतं. अगदी शिवून घेतल्यासारखा बसला!

संध्याकाळी सर रिकाम्या हातानं घरी आले. आई आणि बायको दारातच उभ्या होत्या.

"कळलं का काही?" बायकोनं विचारलं. "आणि कोट कुठंय?"

सर चपला काढत खाली बसले.

"कोटाला नोकरी लागली," ते म्हणाले. "उत्तरेत. कायमस्वरूपी."