डाख दिलेला लंगर

सायखेड्यात पाहण्यासारख्या गोष्टी दोनच, असं केरूचं ठाम मत होतं. एक गंगा, म्हणजे आपली गोदावरी, आणि दुसरा बद्रुद्दीन! त्यातही गंगा नाशकाहून आपोआप वाहत यायची, तिचं विशेष ते काय? बद्रुद्दीन मात्र स्वतःच्या डोक्यानं चालायचा. पत्र्याचे डबे, बादल्या, चाळण्या कथलाचा डाख देऊन झाळणारा हा माणूस घासलेटच्या रिकाम्या डब्याकडे अशा प्रेमानं बघायचा की डब्यानं लाजावं. केरू शेतकरी. औत सुटलं, बैलांना पाणी दाखवलं, की तो थेट बद्रुद्दीनच्या भात्याजवळ येऊन बसायचा. मित्राचं कौतुक करणं हा त्याचा जोडधंदाच होता म्हणा ना!

एका संध्याकाळी बद्रुद्दीन म्हणाला, "केरू, होडी करतो!"

"कशाची रं?"

"डब्यांची! सायखेड्यानं काय, खुद्द गंगेनं बघितली नसंल अशी!"

दुसरा कोणी असता तर हसला असता. केरूच्या अंगावर काटा आला.

देवळालीच्या छावणीत डबे झाळायला गेला असताना बद्रुद्दीननं एका गोऱ्या साहेबाची होडी पाहिली होती. चिंचोळी, एकट्यापुरती, पाय लांब करून बसायची. वल्हं एकच, पण दोन्ही टोकांना पातं! तेव्हापासून त्याला झोप नव्हती. त्यात घाई करायला कारण झालं जैतुनबीचं.

जैतुनबी म्हणजे बद्रुद्दीनची सासू. राहायची नाशकात. तिच्या भावाचं तिथं डबे-बादल्यांचं मोठं दुकान होतं, आणि जावयानं तिथं येऊन भावाच्या हाताखाली बसावं असा तिचा हट्ट होता. बद्रुद्दीन तिला दर ईदेला एकच सांगायचा, "अम्मा, सायखेड्यासारखा शिंगाळा नाशकात मिळतो का? एकदा खिलवतो, मग बोला!" शिंगाळा म्हणजे माशांतला फौजदारच! अंगावर खवला नाही, पण मिशा अशा की समोरच्यानं आधी सलाम करावा. मात्र आजवर बद्रुद्दीनच्या गळाला एकही मिशी लागली नव्हती. शेवटी जैतुनबीचा निरोप आला. 'येत्या जुम्म्याला येते. ताटात शिंगाळा दिसला तर नाशकाचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही दिसला तर बोजा बांधायचा!'

निरोप ऐकून केरू भरल्या ताटावरून उठला. बद्रू गेला तर संध्याकाळी कौतुक कुणाचं करायचं? बैलांचं?

होडी झाली. काय देखणी झाली! पण शिंगाळा राहतो खोल डोहात, आणि तिथं धार जोराची. होडी एका जागी ठरायची तर लंगर हवा. बद्रुद्दीननं बापाच्या वेळची ऐरण काढली, तिच्याभोवती साखळी आवळून झाळली आणि साखळीचं दुसरं टोक होडीच्या कडेला, बरोबर मधोमध, दुहेरी पत्रा घालून डाखानं पक्कं झाळून टाकलं.

कुसाबाई भोईण गाढव हाकत चालली होती. तिचा जन्म नदीत गेलेला. ती थांबलीच.

"अरं बद्रूभाऊ, लंगर कडंला नाय लावायचा! नाकाला बांध. धार नाकावर घ्यायची असती."

"कुसाबाई, बादलीची कडी कुठं असती? मधोमध! म्हणून तर बादली कलंडत नाय. जन्मभर बादल्या केल्यात मी!"

"आन झाळलं कशापायी? दोर घे, एका हिसक्यात सुटंल अशी गाठ मार, दोराला वाळका भोपळा बांध. मोठा मासा लागला तर सोड दोर अन् जा त्याच्यामागं. भोपळा तरंगत ऱ्हातो, मागनं येऊन लंगर उचलायचा."

बद्रुद्दीन हसला. "गाठ सुटती, कुसाबाई. माझा डाख सुटत नाय!"

"बरूबर हाय!" केरू ओरडला. कुसाबाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि ती गाढवाशीच काहीतरी बोलत निघून गेली.

जुम्म्याच्या सकाळी नदीवर जत्रा लोटली. जैतुनबी पानाचा डबा मांडीवर घेऊन घाटाच्या पायरीवर बसली. शेजारी तिची लेक रेहाना, तोंडाला पदर लावून. नवऱ्याची होडी तिनं एकदाच पाहिली होती आणि तेव्हापासून ती देवाचं नाव घेत होती.

बद्रुद्दीन दुहेरी वल्हं फिरवत डोहावर पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं ऐरण उचलली, होडी हेलपाटली, आणि ऐरण धुबुक्‌कन पाण्यात गेली. होडी थांबली! केरूनं मान वळवून सगळ्यांकडे असं बघितलं, जणू ऐरण त्यानंच टाकली होती.

मग होडी फिरली. मधोमध बांधलेली ती, धारेला आडवी झाली आणि पाणी कडेवर चढू लागलं. नेमका त्याच वेळी गळाला असा हिसका बसला की बद्रुद्दीनची टोपी उडाली!

"लागला!" बद्रुद्दीन ओरडला.

"बुडतोय!" रेहाना ओरडली.

"लंगर सोड!" कुसाबाई ओरडली.

"कसा सोडू? झाळलाय!"

"मंग तोड!"

बद्रुद्दीननं साखळीला लाथ घातली. मग दोन्ही लाथा घातल्या. डाख हलला नाही. वल्ह्यानं ठोकलं, तेव्हा वल्हं मोडलं.

"बघा, बघा!" केरूचे डोळे पाणावले. "ह्याला म्हणत्यात डाख!"

होडी शांतपणे, काही घाई नसल्यासारखी खाली गेली. बद्रुद्दीन आधी कमरेइतका दिसला, मग छातीइतका, मग नुसतं डोकं. आणि तिथंच थांबला! होडी बुडालेल्या कातळावर टेकली होती आणि हा तिच्यात उभा होता. नाकाच्या शेंड्याशी पाणी, पण गळाची दोरी मनगटाला गुंडाळलेली. ती त्यानं सोडली नाही.

आता मात्र केरू भानावर आला. मोटेच्या नाड्याचं, त्या जाड दोराचं, एक टोक त्यानं काठावरच्या आपल्या बैलांच्या जुवाला बांधलं आणि दुसरं खांद्यावर टाकून पाण्यात उडी घेतली.

"नाकाला बांध रं, नाकाला!" काठावरून कुसाबाई गरजली. या वेळी कुणी वाद घातला नाही.

केरूच्या बैलांनी नाडा ओढला. आधी आलं होडीचं नाक, मग काठोकाठ भरलेली होडी, कातळावरून खडखडत. तिच्या कडेला लोंबकळत बद्रुद्दीन आला. मागून साखळी, साखळीच्या टोकाला ऐरण, आणि साखळीभोवती गळाच्या दोरीचे वेढे घेऊन पार जखडलेला, मिशा फेंदारून बघणारा, हातभर लांब शिंगाळा!

दुपारी जैतुनबी दोनदा रस्सा मागून जेवली. हात धुऊन म्हणाली, "बोलले ते बोलले. नाशकाचं नाव आता काढणार नाही."

केरूनं इथं हात पुसून घरी जायला हवं होतं. पण कौतुक गळ्याशी आलेलं, ते कुठलं थांबतंय!

"नानी, मासा काय, कुणीबी धरंल! डाख बघा, डाख! पाण्यात बुडली, कातळावर आपटली, दोन बैलांनी वढली. एक सांधा उकलला असंल तर माझं नाव बदला!"

तो तिला अंगणात घेऊनच गेला. जैतुनबीनं पदर खोचला आणि सांध्यासांध्यावरून नख फिरवलं. मग म्हणाली, "या अल्ला! असला हात, आणि इथं चाळण्या झाळत बसलाय? जबान दिली ती मासा पाहून. हा हात कुठं पाहिला होता मी? चल नाशकाला!"

बद्रुद्दीनचा चेहरा उतरला. पण डोकं तल्लख!

"येतो की, अम्मा. पण अब्बांच्या ऐरणीशिवाय माझा हात चालत नाही. आणि ती या होडीला अडकून बसली. हा डाख आता कयामतपर्यंत सुटायचा नाही बघा!"

जैतुनबीनं साखळी ओढून पाहिली. सुस्कारा टाकला. "मग काय, नशीब म्हणायचं."

सुटला! गडी सुटला! रेहानानं पदराआड हसू लपवलं. पण बद्रूला एखादी गोष्ट जमत नाही, हे चारचौघांत ऐकून घेणं केरूच्या जिवाला झेपेना.

"बद्रूला सुटायचा नाय?" तो कडाडला. "नानी, काय बोलता! लोखंड तापवून नुस्तं टेकवलं ना, लोण्यावानी वितळवंल त्यो!"

बद्रुद्दीननं डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात बोजा निघाला. गाडी केरूची, बैल केरूचे. वर होडी पालथी, तिच्याखाली मोकळी झालेली ऐरण. पंचवटीतले घाट दिसेपर्यंत बद्रुद्दीन केरूकडे पाठ करून बसला. केरू उपरण्यानं नाक पुसत होता.

"बद्रू," तो शेवटी म्हणाला, "ही गंगा हितनं आपल्याकडंच जाती ना रं?"

"जाती."

"मंग एखाद्या दिवशी बस की होडीत. नीट गावात यशील. फकस्त लंगर टाकू नको, बाबा!"

बद्रुद्दीननं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "लंगर? तो तर तूच सोडवलास, केरू!"

केरूला रडू फुटलं, आणि रडतारडताच वाटलं, काय बोलतो हा माणूस! परतीच्या वाटेवर त्यानं ते वाक्य बैलांना सायखेड्यापर्यंत पुन्हा पुन्हा ऐकवलं.