बेवारस मतांची पेटी

सन १९८८ च्या ऑगस्ट महिन्यात चंडीगडमधल्या आमच्या सेक्टरच्या शाळेत मुलींच्या बाथरूमला सुरक्षेच्या कारणास्तव कुलूप घालण्यात आलं. पालक समितीचा ठराव स्पष्ट होता : ज्या खोलीत कोणी कायम बसलेलं नसतं, ती खोली धोक्याची. वर्गात मास्तर असतात. ऑफिसात क्लार्क असतो, निदान असल्याची नोंद असते. मुलींच्या बाथरूममध्ये कायम कोणीच बसत नाही. मुलांच्या बाथरूमलाही हाच नियम लागू होता, पण त्याला दार नव्हतं. तेव्हा कुलूप कुठे लावायचं, हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.

ठरावाचा मसुदा माझा होता. सांगायला लाज कसली? केंद्र सरकारच्या नोकरीत नागपूर, भोपाळ, चंडीगड अशा तीन बदल्या झाल्या आणि तिन्ही ठिकाणी मी मसुदेच लिहिले. दिवसही तसे वाईट होते. सकाळचा पेपर उघडावा तर पंजाबात कुठेतरी अतिरेक्यांचा बॉम्ब फुटल्याची बातमी. सिनेमाला गेलेला माणूस आधी खुर्चीखाली वाकून बघायचा आणि मग पडद्याकडे. अशा दिवसांत शाळेनं काहीतरी करणं भाग होतं, आणि काहीतरी केलंय असं कागदावर दाखवण्यात माझा हात धरणारा त्या सेक्टरात दुसरा नव्हता.

आमची उल्का याच शाळेत आठवीत होती. जन्म भोपाळचा, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते हिंदीच. मी दुपारी जेवायला घरी यायचो, तेव्हाच तिची शाळा सुटायची. सायकल फाटकात आडवी टाकून, "पप्पा, हटो, हटो," म्हणत ती मला ढकलून आत धावायची. मला वाटायचं, पोरीला अभ्यासाची केवढी घाई.

"अभ्यास कसला डोंबलाचा," माझी बायको शालिनी म्हणाली. "पंधरा दिवस पोरीनं शाळेत पाण्याचा थेंब घेतला नाही. काल ताप आला म्हणून डिस्पेन्सरीत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी पीत नाही म्हणून हे झालंय, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. अहो, जाऊन त्या कुलपाचं बोला."

"तोंडी बोलण्याला काय अर्थ आहे?"

"मग लिहून द्या."

"माझ्याच ठरावाविरुद्ध?"

शालिनीनं कपाळावर हात मारून घेतला आणि ती पोळ्या लाटायला गेली. पण मी बाप होतो. माझं काळीज हललं. मी त्याच रात्री बसून नवा मसुदा केला : 'विद्यार्थी अभिमत पेटी'. शाळेतले रोजचे अनुभव आणि शाळेबद्दलचं मत विद्यार्थ्यांनी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावं. कुलपाबद्दल काय ते पोरीच बोलतील आणि माझं नाव मध्ये येणार नाही. कलम चार तर मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते शालिनीला दोनदा वाचून दाखवलं : 'विद्यार्थ्यांनी निर्भयपणे लिहावे, यास्तव चिठ्ठीवर नाव घालू नये.'

प्रिन्सिपल मिसेस ग्रेवाल खूश झाल्या. इंडस्ट्रियल एरियात विजेच्या मीटरचे डबे बनवणाऱ्या एका कारागिरानं पेटी करून दिली. करड्या रंगाची, पत्र्याची, वर फट आणि बाजूला कडी. ती आठवीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात स्टुलावर ठेवली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत पोरांची अशी झुंबड उडाली की फटीतून चिठ्ठी आत जाईना, पेन्सिलीनं ढोसावी लागली.

शनिवारी शिपाई बचनसिंग पेटी उघडायला गेला. फौजेतून निवृत्त झालेला, हुकुमाचा पक्का माणूस. पेटीच्या वरच भिंतीवर त्या वेळी सगळीकडे असायची ती पाटी होती : बेवारस वस्तूला हात लावू नका. बचनसिंगनं पाटी वाचली, पेटी बघितली, दोन पावलं मागे सरकला आणि समितीपुढे येऊन उभा राहिला.

"साबजी, डब्बा तो स्कूल का है," तो म्हणाला. "पर अंदर का माल किसका है?"

समितीनं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? कलम चार माझंच होतं. चिठ्ठीवर नाव नाही, म्हणजे चिठ्ठीला मालक नाही. मालक नसलेली वस्तू बेवारस. मी तसा लेखी अभिप्राय दिला. सत्य ते सत्य.

मग एकेक गोष्ट ओघानंच झाली. पेटीभोवती रेतीची पोती रचली. पोत्यांमुळे आठवीचं दार बंद झालं, म्हणून आठवीचा वर्ग कडुनिंबाखाली हलवला. आठवी झाडाखाली मजेत बसते हे बघून सातवीनं आपल्याही व्हरांड्यात एक बेवारस डबा सापडल्याचं कळवलं. पाठोपाठ नववीला कंपासपेटी सापडली आणि सहावीला गणिताचे मास्तर, तेही कोणाचे आहेत हे कोणीच सांगेना. बीटावरचा हवालदार येऊन बघून गेला. "चिट्ठियाँ ही तो हैं जी, खोल लो," तो म्हणाला. आम्ही म्हटलं, हे लेखी द्या, नाव आणि हुद्द्यासकट. तो हसला आणि सायकलवर बसून निघून गेला.

पुढच्या बैठकीत मिसेस ग्रेवालनी विचारलं, की बंद खोल्यांच्या किल्ल्या ठेवायच्या कुठे. मी म्हटलं, शाळेतल्या सर्वांत सुरक्षित जागी. ठराव झाला. बचनसिंगनं विचार केला, की ज्या जागेला कोणी हातसुद्धा लावत नाही, तिच्यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? त्यानं पोत्यांवरून वाकून बाथरूमची किल्ली फटीतून पेटीत सोडली आणि सलाम ठोकला.

उल्काला पुन्हा ताप आला. शालिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. आता पेटी उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून मी मालकी हक्काचा अर्ज तयार केला. ज्याची चिठ्ठी असेल त्यानं नाव, इयत्ता आणि मत लिहावं, खाली वडिलांची सही. एकानं जरी मालकी सांगितली तरी पेटी उघडता येईल, मात्र सही करणारे वडील सबंध पेटीला जबाबदार राहतील. बिनसहीचा अर्ज बेवारस समजून पेटीतच टाकावा. तीनशेच्या वर चिठ्ठ्या होत्या. अर्ज एकच आला. जेवताना तो माझ्या ताटाशेजारी ठेवला गेला.

'मेरी राय,' त्यावर लिहिलं होतं, 'बाथरूम का ताला खोलो. मुझे प्यास लगती है.'

"साइन करो ना, पप्पा," उल्का म्हणाली.

मी अर्ज दोनदा वाचला. सही करावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याच आठवड्यात माझा पुण्याच्या बदलीचा अर्ज वर गेला होता, आणि कुठल्याशा पेटीला जबाबदार असलेल्या माणसाला पुण्याला कोण पाठवणार? मी पेन काढलं. अर्जाच्या कोपऱ्यात, वीस वर्षांच्या सरावानं, बारीक अक्षरात लिहिलं : 'पाहिले.' सही केली नाही. मराठीत लिहिलं, म्हणजे उद्या कोणी विचारलंच तर अर्थ माझ्या हातात राहील.

उल्कानं ते वाचलं. मराठी तिला सगळं कळायचं. तिनं कागद दप्तरात ठेवला.

आता माझा काना मुळातच अशक्त. सकाळी बचनसिंगनं अर्ज हातात घेतला आणि त्याला तो काना दिसलाच नाही. त्यानं खणखणीत वाचलं, "पहिले." मिसेस ग्रेवालनी चष्मा लावून वाचलं, "पहले." समितीतल्या सर्वांत कायदेपंडित पालकाचा लेखी शेरा : सर्वांत पहिलं हेच करा. सही नसली तरी चालेल, हुकूम तर स्वच्छ होता.

किल्ली कुठे आहे, हे बचनसिंगला आठवलं. त्यानं शाळेच्या घंटेचा हातोडा उचलला आणि तीन घावांत कुलूप खाली पाडलं. तीन ठोके ऐकून सबंध शाळेला वाटलं, सुट्टी झाली. सगळे वर्ग आरोळ्या ठोकत धावत सुटले, मुली बाथरूमकडे, मुलगे फाटकाकडे. त्या लोंढ्यात पोती ढासळली, स्टूल कलंडलं, पेटी फरशीवर आपटली आणि उघडली. सगळे कानांवर हात ठेवून खाली बसले. काहीच झालं नाही. नुसत्या चिठ्ठ्या उडाल्या. 'समोसा छोटा हो गया है.' 'सर मारते कम हैं, बोलते ज़्यादा हैं.' 'पेटी बहुत अच्छी है, एक और लगाओ.' आणि निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर मुलींच्या अक्षरात एकच शब्द : ताला.

संध्याकाळी मिसेस ग्रेवाल स्वतः मिठाई घेऊन घरी आल्या. "आपके एक शब्द ने काम कर दिया जी," त्या म्हणाल्या. मी विनयानं मान खाली घातली. शालिनीनं महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसून चहा दिला. मीही मनाशी म्हटलं, शेवटी बापाचं काळीज.

त्या गेल्यावर मी आरामखुर्चीत पाय पसरले. बर्फी खाऊन घसा कोरडा पडला होता. उल्का समोरच बसून, चंबूभर पाणी शेजारी ठेवून, सावकाश घोट घेत होती.

"उल्का, मला पण जरा पाणी दे गं," मी म्हटलं.

तिनं पेला खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा शुद्ध मराठीत उत्तर दिलं.

"पाहिले."

वरील मजकुराखाली मी माझं नाव घातलेलं नाही, याची नोंद घ्यावी. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात. आता खाली एक शब्द लिहा आणि पान उलटा. तो कोणता, हे तुम्हांला मी सांगायला नको.