सांडपाण्याचा सांधा आणि दोन सख्खे भाऊ

दोन वस्तू घट्ट जोडायच्या असतील तर दोन्ही बाजूंना कोणीतरी असावं लागतं. हे तत्त्व सर्वमान्य असल्यामुळे त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

आमच्या शेजारच्या दुमजली घरात वर थोरले राहतात, खाली धाकटे. दोघे सख्खे भाऊ असून त्यांच्यात आदर्श असा अबोला आहे. वडिलांच्या वाढदिवसाला थोरले भाषण वाचत असताना धाकट्यांनी पंखा वाढवला आणि कागद उडाले. (मुद्दाम वाढवला की उकडत होतं म्हणून, याबाबत घरात दोन मतप्रवाह आहेत. वडिलांना तेव्हा डुलकी लागली होती.) तेव्हापासून घरात शांतता नांदते.

अशात वरच्या सिंकचा पाइप खालच्या छतापाशी सांध्यातून निसटला आणि थोरल्यांच्या खरकट्या भांड्यांचं पाणी धाकट्यांच्या दुधाच्या पातेल्यात पडलं. प्लंबरला बोलावण्यात आलं. थोरले म्हणाले, सांधा खाली आहे, त्याला विचारा. धाकटे म्हणाले, पाणी वरचं आहे, त्यांना विचारा. प्लंबरने दोघांचंही म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, नवी रबरी रिंग ओट्यावर ठेवली आणि पाना घेऊन येतो म्हणून गेला. तो अजून पाना आणतो आहे.

काम तसं किरकोळ. खालच्या पाइपाच्या रुंद तोंडात एक खाच असते, तिच्यात रिंग बसवायची. वरच्या पाइपाच्या टोकाची धार कानशीने मोडायची, साबण लावायचा, आणि एकाने वरून दाबताना दुसऱ्याने खालून धरायचं. अडचण एवढीच, की दाबणाऱ्याने 'आता' म्हणायला हवं आणि धरणाऱ्याने ते ऐकायला हवं.

त्यासाठी रीतसर मार्ग ठरला. थोरले बायकोला सांगत, ती जिन्यात येऊन जावेला सांगे, जाऊ नवऱ्याला. 'त्या गाढवाला म्हणावं सरळ धर' हा मजकूर खाली पोहोचेपर्यंत 'अहो, जरा सरळ धरता का' असा होई. उलट दिशेने 'सगळा जोर भाषणातच संपला का' याचं 'अहो, सावकाश होऊ द्या' होई. भाषाशुद्धीचं इतकं काम कोणत्याही मंडळाच्या हातून झालेलं नाही. फक्त वेळ लागे. 'दाबतोय' पोहोचेपर्यंत दाबून झालेलं असे, आणि 'धरलंय' पोहोचेपर्यंत धरणाऱ्याचे हात भरून आलेले असत. साबण वरच्याने लावायचा की खालच्याने, हा प्रश्न अनिर्णित असल्यामुळे पाइप कोरडाच होता.

जेवणाची वेळ टळली तेव्हा दोघी जावांनी जिन्यातच एकमेकींकडे पाहिलं, चपला घातल्या आणि त्या बाजारात निघून गेल्या. प्रशासन असं उठून गेल्यावर दोन मजल्यांमध्ये उरलं ते पाइपासाठी पाडलेलं भोक.

मग थोरले भोकाला उद्देशून म्हणाले, "साबण लावलाय."

"मग फिरवत दाब. सरळ," खालून आलं.

थोरल्यांनी सगळं वजन घातलं.

"थांब, दादा, थांब. बोट अडकलंय."

थोरले होते तसेच थिजले. 'दादा' हा शब्द अबोल्याआधी जिन्याने वर येत असे.

"फार लागलं का रे?"

"खरचटलंय. तू दाब."

पाइप आत गेला, पुरता गेला. मग धाकट्यांनी तो बोटभर मागे घ्यायला सांगितलं. गरम पाण्याने पाइप लांबतो, जागा ठेवली नाही तर सांध्यावर ताण येतो. थोरल्यांनी कारण विचारलं आणि (ही बाब नोंद घेण्याजोगी आहे) ऐकूनही घेतलं. नंतर ते मलम घेऊन खाली उतरले. जावा परतल्या तेव्हा दोघे ओट्याशी उभ्याने चहा पीत होते आणि धाकट्यांच्या बोटाला वांग्याएवढं बँडेज होतं. जखम तिळाएवढी होती.

सांधा उत्तम बसला. एक थेंब गळेना. अर्थातच काही दिवसांत बोलण्यासारखं काही उरलं नाही आणि अबोला पूर्ववत झाला.

पुढच्या महिन्यात सांधा पुन्हा निसटला. पाइपाला तडा नव्हता, रिंग जागेवर होती, टोकाला ताजा साबण होता. धाकटे आधीच स्टुलावर उभे होते आणि थोरले वर बाह्या सरसावून बसले होते. चौकशी कोणी केली नाही. आता तो दर महिन्याला निसटतो. कधी वरून, कधी खालून, अशी पाळी लावून घेतलेली दिसते.

जाणकारांच्या मते हे काम निकृष्ट आहे. असेलही. तुमच्या घरचे सगळे सांधे पक्के असतील, कुठे थेंब गळत नसेल. उत्तम. मग भावाशी शेवटचं कधी बोललात, आणि ते कोणत्या निमित्ताने?