इथे कोणाला सरळ करत नाहीत

"खुर्च्या कुठे आहेत?"

बाईंनी हॉलच्या दारातूनच विचारलं, आणि ज्या आवाजात विचारलं तो ऐकून मॅनेजर टेबलामागे थोडा खाली सरकला.

"अडगळीच्या खोलीत ठेवल्यात," तो म्हणाला. "आज वरचे साहेब वर्ग बघायला येणार ना, चालू ठेवायचा की नाही ते ठरवायला. हॉल कसा मोकळा, भव्य दिसला पाहिजे. आणि योगाला खुर्च्या लागतात कशाला? योग जमिनीवर असतो."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"फोटोत तसंच असतं."

बाईंच्या डोक्यात सणक गेली. मॅनेजरला हॉलची ही वेळ काढून कोणाला द्यायची होती ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोक्यावर उभं राहून फोटो काढून घेणारे एक तरुण गुरुजी गेले महिनाभर हॉलभोवती घिरट्या घालत होते. त्यांच्या शिष्यांत एकालाही पोट नव्हतं. बाईंच्या वर्गाला मात्र वाट्टेल ती माणसं येत. पायाची बोटं दिसेनाशी होण्याइतकं पोट सुटलेले बसड्रायव्हर, उजवा खांदा आखडलेली शिंपीण, चाकाच्या खुर्चीतले निवृत्त जज्जसाहेब, आणि बाईंच्या स्वतःच्या सासूबाई, ज्या व्यायामापेक्षा शेरेच जास्त मारत. जो जसा आहे त्याने तसंच यायचं, आणि आसनाने त्याच्या मापाचं व्हायचं, हे बाईंचं तत्त्व. त्या तत्त्वासाठी त्या कोणाशीही भांडायला तयार असत, आणि भांडतही. त्यांचा योग मऊ होता, बाई नव्हत्या. "श्वास सोडा!" असं त्या ओरडल्या की नवख्या माणसाचा श्वास आपोआपच सुटायचा.

"किल्ली द्या," बाई म्हणाल्या.

"शिपाई आला की काढून देतो."

"शिपाई येईपर्यंत माझी माणसं काय अधांतरी बसतील?"

त्यांनी किल्ली जवळजवळ हिसकावलीच. अडगळीच्या खोलीत घडीच्या लोखंडी खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. शांत माणसाने त्या एकेक करून नेल्या असत्या. बाईंनी दोन्ही हातांत मावतील तितक्या कवटाळल्या, मनात मॅनेजरला एक शिवी घातली आणि झटक्यात उचलल्या.

कट्!

खुर्च्या धडाधड खाली पडल्या. बाई मात्र पडल्या नाहीत. त्या जशा वाकल्या होत्या तशाच राहिल्या. वर उठायला गेल्या तर कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या तशाच, जमिनीकडे बघत, भिंत धरत हॉलमध्ये आल्या. आता त्यांच्या जगात फक्त फरशी आणि पाय उरले होते. अंगठ्याला भोक पडलेले मोजे आले, म्हणजे ड्रायव्हर.

"बाई, आज हे कोणतं आसन?"

"आसन नाही, उसण आहे!" बाई गरजल्या.

"धरून सरळ करू का? गाडीचा दरवाजा अडकला की आम्ही एकच हिसका देतो..."

"हात लावलात तर बघा!"

दोन चाकं येऊन थांबली. "बाई," चाकांच्या वरून जज्जसाहेबांचा संथ आवाज आला, "शरीर अडलं की त्याच्याशी भांडायचं नाही. अडलंय तिथूनच काय जमेल ते करायचं."

"माझीच वाक्यं मला ऐकवू नका!"

"मग कोणाची ऐकवू? आमच्याकडे दुसरी नाहीत."

"मी कधीची सांगतेय, सकाळी कमरेला तेल चोळ," सासूबाई म्हणाल्या. "पण हिला ऐकायचं नसतं."

"आई, तुम्ही जरा गप्प बसा!"

"बसू कशावर? खुर्ची कुठाय?"

खुर्च्या ड्रायव्हरने आणल्या, एकेक करून. शिंपिणीने त्यातली एक बाईंच्या पुढ्यात ठेवली. "हिच्या पाठीवर दोन्ही हात टेका बाई. माझा खांदा ठणकला की मी शिवणमशीनवर अशीच टेकते." बाईंनी हात टेकले. खरंच बरं वाटलं. आपलाच उपाय आपल्याला लागू पडला, तोही दुसऱ्याने सांगितल्यावर, याचा त्यांना आणखी संताप आला.

"साहेबांना उद्या यायला सांगू का?" ड्रायव्हरने विचारलं.

"म्हणजे मॅनेजर आजच्या आज ते उलटे गुरुजी आणून उभे करील! वर्ग होणार. कंबर अडलीय, तोंड अडलेलं नाही. बसा सगळे!"

वर्ग सुरू झाला तोच दारातून चकचकीत काळे बूट आत आले. मागोमाग मॅनेजरच्या चपला, लगबगीने.

"साहेब, मी आधीच सांगितलं होतं..." चपला कुजबुजल्या.

"थांबा हो," बूट म्हणाले.

साहेब मागे, सासूबाईंच्या शेजारी, खुर्चीवर टेकले. त्यांना दिसलं ते असं: चाकाच्या खुर्चीतले म्हातारे गृहस्थ हात पसरून बसलेले, एक जाड माणूस भिंतीला टेकून उभा, एक बाई फक्त डावा हात वर करतेय, आणि समोर शिकवणारी बाई कमरेत काटकोनात वाकलेली. त्याच क्षणी ड्रायव्हरने पोट आत ओढून धरायचा प्रयत्न केला.

"पोट कोणाला दाखवताय ओढून?" बाई फरशीकडे बघतच, नुसत्या अडकलेल्या श्वासावरून ओळखून, कडाडल्या. "इथे कोणी बघायला आलेलं नाही! सोडा ते!"

साहेब दचकले. त्यांनी सासूबाईंकडे झुकून, हलक्या आवाजात, बाईंच्या दिशेने मान हलवत विचारलं, "हे असं... कधीपासून?"

सुनेचा आवाज नुकताच हॉलभर घुमला होता. साहेब कशाबद्दल विचारतायत याबद्दल सासूबाईंच्या मनात शंकाच नव्हती.

"लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय," त्या म्हणाल्या. "जन्मतःच असणार. तिच्या वडलांचंही असंच होतं."

"अरेरे. काही औषध?"

"याला कसलं औषध? वय वाढतंय तसं वाढतंय. आम्हाला आता सवय झालीय."

"मुलांमध्ये तर नाही ना उतरलं?"

"थोरल्यात उतरलंय थोडं."

"आणि तुमचे चिरंजीव? त्यांनी हे सगळं स्वीकारलं?"

"करतो काय बिचारा? खाली मान घालून असतो."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

शेजारी बसलेल्या जज्जसाहेबांनी यातला शब्दन्‌शब्द ऐकला होता. त्यांना नंतर बाईंनी फैलावर घेतलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मला कोणी विचारलं नाही. न विचारता साक्ष देणं मला पटत नाही."

वर्ग संपता संपता साहेब उठले आणि पुढे आले. बाईंना बूट आपल्यासमोर थांबलेले दिसले.

"मित्रहो," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी आज धन्य झालो. जिला स्वतःला जन्मभर ताठ उभं राहता आलं नाही, ती दुसऱ्यांना उभं करतेय! ही बिचारी..."

"कोण बिचारी?" बाईंनी बुटांना विचारलं.

"...आणि तिच्यासमोर बसलेले हे सगळे बिचारे जीव..." असं म्हणत साहेबांनी बाईंच्या डोक्यावर मायेने हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

बाईंच्या पायाच्या अंगठ्यापासून काहीतरी वर चढत गेलं. बसून बसून गाडी हाकणारा माणूस बिचारा? हात दुखत असताना लोकांचे कपडे शिवणारी बिचारी? उभी हयात न्यायदानात घालवलेला माणूस बिचारा?

"बिचारं कोणाला म्हणता हो?"

कट्!

हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू आलं. बाई सरळ उभ्या होत्या, ताठ, साहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन. साहेबांचा हात तिथेच हवेत राहिला होता. त्यांनी आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"चमत्कार!" ते पुटपुटले.

"कसला डोंबलाचा चमत्कार! खुर्च्या उचलताना उसण भरली होती! ह्या तुमच्या मॅनेजरने कोंडून ठेवल्या म्हणून!"

"किती विनय," साहेब मॅनेजरला म्हणाले.

"विनय? अहो, मी जन्मापासून सरळच आहे!"

"मनाने आहातच, बाई. मनाने आहातच."

बाई जितक्या ओरडत गेल्या तितका साहेबांचा विश्वास दृढ होत गेला. त्यांनी वर्ग तिथल्या तिथे कायम केला, खुर्च्यांना कोणी हात लावायचा नाही असा मॅनेजरला दम भरला, आणि जिना उतरता उतरता फोनवर कोणाला तरी सांगू लागले, "प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं! राग आला, आणि राग आल्याबरोबर पाठ सरळ!"

पुढच्या वर्गाला बाई आल्या तेव्हा रांग हॉलच्या दारापासून रस्त्यावर गेली होती. कुबड आलेले, मान वाकडी झालेले, काठ्या टेकणारे. एक गृहस्थ चांगल्या धडधाकट जावयाला दंडाला धरून घेऊन आले होते. "याला सरळ करा," ते म्हणाले. जावयाने खाली पाहिलं.

बाई पायरीवर चढल्या. "इथे कोणाला सरळ करत नाहीत!" त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे पोचला. "ज्याला जसं आहे तसं बसायचंय त्याने आत यावं! चमत्कार पाहिजे असेल त्याने चालतं व्हावं! माणसाची पाठ म्हणजे काय वाकडा खिळा आहे, ठोकला की सरळ?"

कोणीही हललं नाही. उलट रांगेतून समाधानाची एक लाट गेली.

"हाच तो राग," कोणीतरी मागे म्हणालं. "सुरू झालं बरं का. ताठ व्हा."

सगळ्यात पुढे एक उंच मुलगी होती. उंची लपवायची सवय लागून खांदे पुढे आलेली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"बाई," ती म्हणाली, "माझ्यावर पण रागवा ना. जोरात. घरी सगळे रोज रागावतात, 'नीट उभी राहा' म्हणून, पण त्यांच्या रागाने काही होत नाही."

बाईंनी तोंड उघडलं.  त्यांनी छाती भरून श्वास घेतला, कमरेवर हात ठेवले, डोळे वटारून पाहिले. राग कुठेच नव्हता. समोर ती मुलगी खांदे आवळून, मार खाल्ल्यासारखी वाट बघत उभी होती.

"ये," बाई हळूच म्हणाल्या. "आत ये. हवी तशी बस. पाठ टेकून बस, नाहीतर आडवी हो. कोणी काही म्हणणार नाही."

ड्रायव्हरने शिंपिणीकडे पाहिलं. जज्जसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

सासूबाई लगबगीने पुढे झाल्या, त्यांनी सुनेच्या कपाळाला उलटा हात लावला आणि घाबऱ्या घाबऱ्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "अहो, गाडी काढा कोणाची तरी. हिला खरंच काहीतरी झालंय."