उखळातला टॉवेल

सेर्वाताईच्या त्या पत्राला ओसाफो मास्तरांनी उत्तर दिलंच नव्हतं. ‘बायको गेल्यापासून रात्री जेवतोस काय? खरं लिही. आबाळ होत असेल तर गावी घेऊन येते.’ एवढंच तर विचारलं होतं! मास्तर लिहायला बसत आणि कागद चुरगळून टाकत. कारण खरं उत्तर होतं, पुड्यातलं फुफू! पाणी उकळायचं, पीठ टाकायचं, घोटायचं, झाला गोळा. संध्याकाळची शिकवणी आटोपून येणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय? पण घानातल्या कुमासीत, जिथं घरोघरी कसावा उकडून उखळात फुफू कांडतात, तिथं जन्मून हे सख्ख्या बहिणीला कळवायचं? त्यापेक्षा चोरी कबूल केलेली बरी! आणि गावी जायचं म्हणजे शिकवणीची पोरं सुटली, पुस्तकांचं कपाटही सुटलं.

उत्तर गेलं नाही, म्हणून ताईच आली. तीही कामाच्या दिवशी, ऐन दिवेलागणीला!

“काय रे, हात मोडलाय का तुझा? चार ओळी लिहवल्या नाहीत?”

“ताई, तू फक्त बैस. असं फुफू खाऊ घालतो की बघच!”

बोलून झाल्यावर मास्तरांनी जीभ चावली.

सार रविवारचं होतंच. गोळाही चटकन होऊन झाकणाखाली गेला. अडलं ते आवाजापाशी. फुफू म्हणजे कांडण, आणि कांडण म्हणजे अख्ख्या अंगणाला ऐकू जाणार. स्वयंपाक असा चिडीचूप झाला, तर आत बसलेली ताई काय ते ओळखेलच!

मास्तरांनी बायकोचं उखळ अंगणात ओढलं, पुरुषभर उंचीचं मुसळ उचललं आणि हाणलं.

टण्ण!

रिकामं उखळ बोंब मारल्यासारखं ओरडलं. छे! उकडलेल्या कसाव्याच्या कंदावर कसा मऊ आवाज येतो! मास्तरांनी दोरीवरचा टॉवेल बादलीत बुचकळला आणि उखळात कोंबला.

थप्प! वा! थप्प! थप्प!

“अगं बाई! मास्तर, एकटेच कांडताय?” शेजारची पोकुआ दारात आली. “गोळा कोण उलटतंय?”

मास्तरांचं मुसळ हवेतच राहिलं. एकाने कांडायचं आणि दुसऱ्याने दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा उलटायचा, हे ते विसरलेच होते. इतकी वर्षं उलटणारी त्यांची बायको होती.

“मीच... मीच उलटतो मधूनमधून.”

“बोटं चेचून घ्याल! थांबा, आले.”

“नको, नको! तू दमून आली असशील!”

“अहो, केवढ्या दिवसांनी तुमचं उखळ बोललं! मी काय ऐकत बसू?”

तिने स्टूल ओढलं, हात ओला केला आणि उखळात घातला. मग तिचा चेहरा असा झाला, जणू गोळ्यानेच तिचा हात धरला होता! तिने सावकाश ओढलं. निळ्या पट्ट्यांचा टॉवेल लांबच लांब बाहेर आला.

नेमकी तेव्हाच ताई मागे उभी!

“हे कसलं फुफू रे?”

“टॉवेलचं,” मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

पोकुआ हसता हसता स्टुलावरून खाली बसली. मास्तरांना वाटलं, आपणच उखळात उतरावं आणि कुणीतरी वरून झाकण ठेवावं.

ताई तडक आत गेली. झाकण काढलं, बोटांनी तुकडा तोडला, सारात बुडवला आणि गिळला. मग दुसरा. मास्तर दारात मान खाली घालून उभे.

“गुठळ्या नाहीत,” ती म्हणाली आणि गोळा संपवला.

सकाळी बसपाशी मास्तरांनी भीत भीत विचारलं, “मग... मी सामान बांधू का?”

“ज्याला एवढं थोरलं खोटं कांडता येतं, तो उपाशी मरायचा नाही. राहा इथंच. पण माझ्या पत्राला उत्तर पाहिजे. खरं!” ताईने उजवा खांदा चोळला आणि आवाज खाली आणला. “आणि पाकीट जरा जाड असू दे. हल्ली मुसळ उचलवत नाही रे. गावात बोललास तर याद राख!”

मास्तरांनी उत्तर लिहिलं आणि पोस्टात नेलं. कारकुनाने पाकीट दाबून पाहिलं.

“आत काय आहे, मास्तर?”

“उत्तर.”

“पिठासारखं लागतंय.”

मागची रांग कान देऊन पुढे सरकली. रांगेत शिकवणीच्या पोरांच्या आयाही होत्या!

“पुड्यातलं फुफू आहे,” मास्तर पुटपुटले.

“बहिणीला? ती पुड्यातलं खाते?”

“छे, छे! ती कांडते! तिला नुसतं दाखवायला पाठवतोय.” मास्तरांचे कान तापले. “खातो मी. रोज.”

कारकुनाने त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि शिक्का मारला.

थप्प!