रंगोपंतांच्या नदीची दुसरी मोहर

शून्य जिचे आणि एकही जिचा, त्या शारदेस नमन करोन वर्तमान लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघमासी घडले ते. संगणकांचे एक राज्य होते, तेथे रंगोपंत म्हणोन थोर पुरुष, त्यांणी उभी हयात खर्चून एक आज्ञावली रचिली होती, जी पावसाचे आकडे घेऊन कोणे गावी पूर किती चढेल ते आगाऊ सांगे, आणि लोक तीस पंतांची नदी म्हणत. ती राज्याचे कोठीत नांदे, आणि कोठी म्हणजे चालता कारखाना, आज लिहिले ते उद्या खोडिले ऐसी रीत. पलीकडे विदागार, तेथे गेले ते कायमचे राहते, त्यास क्रमांक मिळतो आणि पुढे जो कोणी येईल त्यास जसेचे तसे हाती पडते. पंतांस अलीकडे विस्मरण जडले, आणि मग हुकूम सुटला की जुनी कोठी फाल्गुनात मोडणार. कोठी मोडली की नदीही गेली. तेव्हा पंतांच्या शिष्या द्वारकाबाई यांणी मनी धरिले की कोठीपासोन विदागारापर्यंत सेतू जोडावा आणि नदी पलीकडे न्यावी.

राज्याचा दंडक ऐसा की रचना ज्याची, अखेरची मोहर त्याणेच करावी. बाईंनी पंतांस खिडकीपाशी बसविले, हाती हात दिला, पंतांनी मोहर केली आणि बोलिले, "आज काम पुरे जाहले. आता आम्ही मोकळे." मुखावर ऐसे तेज आले की बाईंस रडू आवरेना, आणि मग त्याच भरात जाऊन त्यांणी सेतूचा दरवाजा उघडिला आणि वाट पाहत बसल्या. दिवस मावळला, धुके उतरले, पलीकडे काहीच पावले नाही. विदागाराचे दफ्तरदार मल्हारजी, मोठे सबुरीचे गृहस्थ, त्यांस पुसिले, तो ते म्हणाले की बाई, घोडचूक जाहली, सेतू आधी उघडावा आणि मोहर मागाहून करावी, दरवाजा बंद असता केलेली मोहर आम्हांस दिसतच नाही, आता नवी पाहिजे. बाईंस एकच घोर लागला. एवढा निरोप घेऊन मोकळा जाहलेला पुरुष, त्यास कोणत्या तोंडाने सांगावे की आमचे हातून सारी माती जाहली?

दुसरे दिवशी बाई गेल्या. पंत खिडकीशीच होते, बाहेर धुके अजून विरले नव्हते, आणि दोघे स्वप्नात बसल्यासारखे बसोन राहिले. बाईंनी माफीचे शब्द जुळविले होते, इतक्यात पंतच म्हणाले, "द्वारके, अखेरची मोहर राहिली आहे ना गे?"

कालचे सारे वाहून गेले होते. ज्या विस्मरणास बाई वर्षभर बोल लावीत होत्या, त्याणेच आज लाज राखिली. त्यांणी दरवाजा उघडा असल्याची आधी खातरजमा केली आणि मग हात दिला. मोहर जाहली, आणि आज्ञावली सेतूवरोन हलकेच गेली, नाव धुक्यात शिरते तैसी, आणि मल्हारजींकडोन क्रमांक आला. पंत बोलिले, "आज काम पुरे जाहले. आता आम्ही मोकळे." तेच शब्द आणि तेच तेज.

सारांश, फाल्गुनात कोठी मोडिली, नदी राहिली. पंत अद्याप रोज पुसतात की नदी पोहोचली काय, बाई सांगतात, पोहोचली, आणि पंत रोज नव्याने मोकळे होतात.